गोंदलेला हात

गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या एका रुग्णालयात आरमोरीकडच्या एका बाईचा उजवा हात खांद्यापासून काढण्यात आला. हाडाचा कर्करोग होता. माझी आई शेजारच्या खाटेवर होती, म्हणून त्याआधीचा दिवस मी पाहिला.

ती डाव्या हातानं उजव्या हातावरचं गोंदण चोळत बसली होती. दागिने इथंच राहतात, मेल्यावर गोंदण तेवढं सोबत येतं, असं तिच्याकडे मानतात.

नवरा म्हणाला, "डाव्यावर नवं गोंदून घेऊ. याच्यापेक्षा झाक दिसन."

"तुमीच घ्या गोंदून. हे गोंदताना माय मले धरून बसली होती."

संध्याकाळी डॉक्टर आले. ऑपरेशनबद्दल तिनं काहीच विचारलं नाही.

"सायेब, कापल्यावर हात कुठी टाकता?"

डॉक्टरांनी हातातला केसपेपर मिटला.

"टाकू नोका. आमच्या माणसाजवळ द्या, तो गावात पुरन. मी मांगून येतो, तवा सापडला पायजे."

डॉक्टरांनी होकार दिला. मग ती जेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

हात नवऱ्यानं गावी नेऊन पुरला. दिवाळीआधी ती गेली. तिला हाताच्या बाजूलाच पुरलं, असं त्यानं मला फोनवर सांगितलं.