साडूंची पंपाची बंदूक

माझ्या थोरल्या साडूंइतका विचार करून वस्तू घेणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नसेल. वालचंदनगरला ड्रॉइंग ऑफिसात नोकरी, राहायला क्वार्टर, आणि चप्पल घ्यायची तरी ती घालून दुकानाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर चालून बघणार. फोन आला की आधी ‘जयभीम’ आणि लगेच ‘एक शंका आहे.’ पंचेचाळिशीत त्यांना नेमबाजी शिकावीशी वाटली, आणि नव्वदच्या दशकातलं एक अख्खं वर्ष एअरगनच्या शंकेत गेलं.

मी जळोचीला राहायचो, त्यामुळे बारामतीच्या दुकानात सोबत मीच. बंदुका दोन जातींच्या. एक नळी मोडून स्प्रिंग ताणायची, दुसरी नळीखालचा दांडा पंपासारखा मारून हवा भरायची. ‘स्प्रिंगची दणका देते, नेम हलतो,’ साडू मला समजावत. ‘पंपाची शांत. शिवाय पंप किती मारायचे ते आपल्या हातात. माणसाच्या हातात काहीतरी असावं.’ एवढं ठरल्यावरही ते सात वेळा दुकानात आले. बंदूक खांद्याला लावायची, डोळा मिटायचा, खाली ठेवायची, वहीत लिहायचं. सातव्या खेपेला दुकानदार वैतागला. ‘सायेब, बंदूक घेताय का पोरीला स्थळ बघताय?’

साडू शांतपणे म्हणाले, ‘पोरगी तिचं तिचं बघेल. बंदुकीला बोलता येत नाही, म्हणून मला बघावं लागतं.’

बंदूक आली. ती घेऊन ते सासुरवाडीला निरवांगीला गेले, आणि तिथं ज्वारीच्या कडेला बांधावर कागदाचं चक्र लावून उभे राहिले. सासऱ्यांना राहवेना. ‘जावईबापू, पाखरं कणसं खात्यात आन् तुमी कागद मारताय व्हय?’

‘आबा, कागद दुसरा लावता येतो,’ साडू म्हणाले, आणि पुन्हा पंप मारू लागले.

दोन वर्षं रोज सकाळी क्वार्टरच्या परसात हा उद्योग चालला. अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी, तिकडे ढुंकून बघत नसे. मग एके दिवशी साडूंच्या छातीत कळ आली. ते वाचले, पण डॉक्टरांनी जोराचं काम कायमचं बंद केलं. पंप मारणं त्यातच आलं. साडूंनी बंदूक फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवली. त्यानंतर त्यांनी काही निवडलंच नाही. ताटात पडेल ते खात, कुणी देईल तो शर्ट घालत. मला ते बघवेना.

महिनाभरानं मी भेटायला गेलो, तर अक्का स्टुलावर चढून बंदूक काढत होती. परसात बसलेल्या साडूंपुढं येऊन तिनं विचारलं, ‘किती मारू?’

‘अगं, तुला कुठं…’

‘भाकरी थापून थापून दंड झालेत माझं. किती, ते सांगा.’

‘सहा,’ साडू हळूच म्हणाले.

तिनं मोजून सहा मारले आणि बंदूक त्यांच्या हातात दिली. साडूंनी ती बराच वेळ नुसती धरली. मग म्हणाले, ‘आधी तू.’ ती नको नको म्हणत असताना त्यांनी मागं उभं राहून तिचा कोपर सरळ केला. बार झाला. छरा कुठं गेला ते तिघांनाही दिसलं नाही.

पुढं दहा वर्षं असंच चाललं. ती हवा भरायची, ते नेम धरायचे. आता साडू नाहीत. त्या सकाळचा विषय निघाला की अक्का म्हणते, ‘बंदुकीचं मला काय बी कळत न्हाय. त्यांनी कोपर धरला हुता, तेवढंच ध्यानात हाय.’