ज्याचा पाय, त्यानं सांगायचं

परीक्षक म्हणून माझं नाव निघालं, हे कळल्यावर सगळ्यात आधी हसली ती माझी अम्मी. "तू दुसरों को नंबर देगा? तेरे को कौन देता था?" असं म्हणून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तिचं खरंच होतं. शाळेत हॉकी सोडली तर मला कशातच धड गुण मिळाले नव्हते, आणि रागासाठी मी सगळ्या बल्लारपुरात प्रसिद्ध होतो. अब्बा गाद्या भरायचे. ते म्हणायचे, हा पोरगा पिंजून काढला तरी मऊ व्हायचा नाही.

पण नाव निघालं होतं खरं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. हैदराबादेत ज्युनिअर मुलींची आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धा होती. आपल्या संघात नव्या, होतकरू मुली उतरवल्या होत्या आणि त्यांच्यातल्या कोणाला पुढच्या मोठ्या शिबिरात घ्यायचं हे ठरवायला आम्हा तिघांना बसवलं होतं. एक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब. दुसऱ्या दक्षिणेकडच्या एक बाई, एके काळच्या गोलकीपर. तिसरा मी, बल्लारपूरच्या एका शाळेतला पीटी मास्तर. आमच्या भागातून इतकी वर्षं पोरी पाठवत होतो, म्हणून कोणाला तरी माझी आठवण झाली असावी. मी नवीन पांढरे बूट घेतले आणि गाडीत सगळ्यांना दिसतील असे पाय पुढे करून बसलो. उगाच कशाला लाजायचं?

त्या संघात माझी एक मुलगी होती. माझी म्हणजे माझ्या मैदानावरची. वैनगंगेकाठच्या एका गावातली, ढिवराची पोर. तिचा बाप तलावात आणि नदीत मासे धरायचा, धानाच्या हंगामात मजुरीला जायचा. पाच-सहा वर्षांपूर्वी तो स्वतः तिला घेऊन माझ्याकडे आला होता. हातात वाळवलेल्या झिंग्यांची पुडी होती.

"भाऊ, हे पोरगी घरी टिकत नाई. दिसभर पयते. तुमच्याइथी पयू द्या जी तिले."

पळू द्यायचं एवढंच त्याचं मागणं होतं. मी तिला वसतिगृहात जागा मिळवून दिली आणि हातात काठी दिली. पहिले काही महिने ती चेंडूपेक्षा स्वतःच पुढे निघून जायची. मग एक दिवस चेंडू आणि ती बरोबर जायला लागली, आणि त्यानंतर तिच्याकडून चेंडू काढून घेणं मलाही जड जायला लागलं. मी तिच्यावर ओरडायचो, ती खाली बघून हसायची. माझ्या रागाला न भिणाऱ्या दोघीच, ती आणि अम्मी.

हैदराबादेला जे काही होणार होतं ते तिच्यासाठी साधं नव्हतं. शिबिरात निवड झाली तर शिष्यवृत्ती होती, राहणं-खाणं होतं, पुढचं शिक्षण होतं. नाही झाली तर वसतिगृहाची मुदत त्याच उन्हाळ्यात संपत होती. गावात दहावीच्या पुढे शाळा नव्हती, आणि मैदान तर नव्हतंच. काठी घरच्या आढ्याला खोचून ती बापाबरोबर तलावावर गेली असती. त्यात वाईट काही नाही. पण माझा जीव जळला असता.

आणि मी तिला गुण देऊ शकत नव्हतो. नियमच तसा होता. परीक्षकाच्या स्वतःच्या जिल्ह्यातली किंवा हाताखालची मुलगी असेल, तर तिच्या बाबतीत त्यानं लिहायचंही नाही आणि बोलायचंही नाही. गुण बाकीचे दोघे देणार. लिहायचं नाही हे मला जमलं असतं. न बोलण्याचं मात्र मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

आता आमच्या मैदानाची एक रीत सांगायला हवी. हॉकीत चेंडू पायाला लागला की फाऊल होतो. मोठ्या सामन्यात ते अंपायर बघतो. पण बल्लारपुरात कागदाच्या गिरणीतली माणसं पाळी सुटल्यावर खेळायची तेव्हा अंपायर कुठून आणणार? एका पाळीचा आणला की दुसरी पाळी भांडायला उठायची. एकदा तर काठ्या चेंडू सोडून डोक्यांवर चालल्या, असं जुने लोक सांगत. मग त्यांनी अंपायरच काढून टाकला आणि ठरवलं: ज्याचा पाय, त्यानं सांगायचं. पायाला लागलं की आपणच हात वर करायचा आणि चेंडू सोडून द्यायचा. कोणी लपवलं आणि पकडला गेला, तर त्याला शिव्या नाहीत, मार नाही. फक्त त्या संध्याकाळी त्याला कोणी पास द्यायचा नाही. मैदानात तासभर नुसतं उभं राहून बघा, मग कळतं. मी त्या लोकांत लहानाचा मोठा झालो, आणि माझ्या पोरींनाही तसंच खेळवलं. सरावाला मी शिट्टी वाजवतच नसे.

पहिल्या दोन सामन्यांत ती अशी खेळली की सुभेदारसाहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. ती फुलबॅक होती. तिच्या बाजूनं आलेली एकही मुलगी गोलापर्यंत पोहोचली नाही. "ये लड़की दीवार है," ते म्हणाले. मी तोंड मिटून शेंगा सोलत होतो. आतून छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं सांभाळावी लागत होती. आमच्या मुरुमाच्या मैदानावर चेंडू दगडाला लागून कुठंही उडतो. तिथं शिकलेली पोर त्या गुळगुळीत टर्फवर खेळायला लागली तर बाकीच्यांचं काय होणार?

तिसरा सामना युरोपातल्या एका संघाशी होता, आणि तोच निकालाचा होता. एक-एक बरोबरी. थोडाच वेळ उरला होता. आपल्या गोलासमोरच्या डीमध्ये सात-आठ जणींची झिम्मड उडाली. कोणाची काठी, कोणाचा चेंडू, काही दिसेना. अंपायरबाई पलीकडच्या बाजूला होत्या. तेवढ्यात आमच्या पोरीनं चेंडू बाहेर काढला. ती आता मोकळी होती, पुढं सगळं मैदान रिकामं होतं.

आणि तिनं चेंडू सोडून हात वर केला.

क्षणभर सगळंच थांबलं. अंपायरबाईंना समजेना ही काय म्हणतेय. तिनं स्वतःच्या बुटाकडं बोट दाखवलं. शिट्टी वाजली. डीमधला फाऊल म्हणजे समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर. आपली कॅप्टन कपाळावर हात मारून घेत होती. त्यांनी कॉर्नर घेतला आणि गोल केला.

सुभेदारसाहेबांनी टोपी काढून टेबलावर आपटली. "ये किसने सिखाया इसको?"

"मैंने," मी म्हणालो. नियम गेला खड्ड्यात.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी फौजेत असतो तर माझा बिल्ला गेला असता. खरं सांगतो, त्या वेळी मलाही तिचा राग आला होता. अगं, एवढं मोठं मैदान, एवढा मोठा सामना, आणि तुला बल्लारपूरच आठवावं? पण त्या रागाच्या खाली दुसरं काहीतरी वर येत होतं आणि ते दाबता येत नव्हतं. एवढ्या लोकांसमोर, देशाचा शर्ट घालून, ती आमच्या मैदानावर खेळते तशीच खेळली होती. अब्बांच्या वयाची ती गिरणीतली माणसं तिथं असती, तर उभी राहिली असती.

पिछाडीवर पडल्यावर ती मागं थांबलीच नाही. चेंडू घेऊन सरळ त्यांच्या डीपर्यंत गेली. तिथं पुन्हा गर्दी झाली. आपल्या मुली एका सुरात ओरडल्या, "फूट! फूट!" म्हणजे त्यांच्या पायाला लागलं. ओरडायच्याच, सगळ्या देशांच्या सगळ्या मुली प्रत्येक वेळी ओरडतात, आणि म्हणून अंपायर कोणाचंच ऐकत नाही. अंपायरबाईंनी खेळ चालू ठेवा अशी खूण केली. मग त्यांची नजर आमच्या पोरीवर गेली. ती ओरडत नव्हती. समोरच्या मुलीच्या बुटाकडं बोट करून नुसती उभी होती. अंपायरबाईंनी तिच्याकडं बघितलं, आणि शिट्टी वाजवून आपल्याला कॉर्नर दिला.

"देखा?" गोलकीपरबाई टेबलावर थाप मारून म्हणाल्या.

त्या कॉर्नरवर आपला गोल झाला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. पण झाला नाही. त्यांच्या गोलकीपरनं अडवला आणि आपण हरलो.

संध्याकाळी आम्ही तिघं एका खोलीत बसलो. बाकीच्या मुलींवर एकमत झालं, हिच्यावर अडलं. सुभेदारसाहेब म्हणाले, खेळ अव्वल आहे, पण सामन्याची समज नाही. भोळेपणानं देश हरतो. गोलकीपरबाई म्हणाल्या, अंपायर जिच्या शब्दावर शिट्टी वाजवतो अशी मुलगी मी एवढ्या वर्षांत पाहिली नाही, ती संघात असणं मला चालेल. दोघं हट्टाला पेटले. मी मध्ये बसून पंख्याकडं बघत होतो. जीभ दातांखाली धरली होती, शब्दशः.

शेवटी सुभेदारसाहेब म्हणाले, "बुलाओ उसको."

ती आली. केस ओले, पायात रबरी चपला. आधी माझ्याकडं पाहिलं. मी लगेच नजर खाली घेतली. माझ्या डोळ्यांत तिनं उत्तर शोधू नये असं मला वाटत होतं, कारण त्या घडीला मला स्वतःलाच कोणतं उत्तर हवं होतं ते ठाऊक नव्हतं. 'नाही, परत करणार नाही' एवढं ती म्हणाली असती तरी तिचं काम झालं असतं. शिबिर, शिष्यवृत्ती, सगळं त्या एका शब्दावर होतं.

"फिर ऐसा मैच हुआ," सुभेदारसाहेबांनी विचारलं, "तो फिर हाथ उठाओगी?"

तिनं जरा विचार केला. "अगली बार पाव को लगनेच नहीं दूँगी, सर."

गोलकीपरबाईंना हसू आवरेना. सुभेदारसाहेब हसले नाहीत.

"और लगा तो?"

"लगा तो बोलनाच पडेगा ना," ती म्हणाली. त्यांना एवढी साधी गोष्ट का विचारावी लागतेय, असा तिचा चेहरा होता. "दूसरा कौन बोलेगा? पाव तो मेरा है."

सुभेदारसाहेबांनी तिला जायला सांगितलं. दार बंद झालं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि तिच्या नावापुढं आधी लिहिलेला आकडा खोडून नवा लिहिला. कागद बाईंकडं सरकवला. बाईंनी तो वाचून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. पोरीची शिबिरासाठी निवड झाली होती.

माझे डोळे भरले. मी लपवलं नाही.

सुभेदारसाहेब उठता उठता, जरा चिडूनच म्हणाले, "मास्टर, ऐसी और कितनी हैं तुम्हारे पास?"

"ग्राउंड भरके हैं, साब," मी म्हणालो. "आप आओ तो सही."