तिलवाऱ्याचा कोरा जुलै

फोन ढोकेदादांच्या मुलीचा होता. "काका, बाबा गेले सकाळी…" एवढं मराठीत बोलली आणि मग हिंदीत अंत्ययात्रेची वेळ सांगून तिनं फोन ठेवला. त्याला आता सव्वा महिना झाला. त्यांच्या चेरीतालच्या घरापासून मी खांदा दिला. लोकांना वाटलं, जवळचा माणूस. होतोच… आणि म्हणूनच हे लिहायला धीर होत नव्हता.

दादा आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. मी तिथं भूगोल शिकवतो. तिलवाऱ्याला नर्मदेच्या काठी कॉलेजच्या जागेवर आम्ही डेटालॉगर बसवला होता. खांबावर लोखंडी पेटी आणि तिच्यात दर दहा मिनिटांनी पाऊस, तापमान नोंदवणारं यंत्र. नोंदी मेमरी कार्डात साठायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी भरलेलं कार्ड काढायचं आणि रिकामं घालायचं, एवढंच काम. पण नव्या कार्डावर पहिली नोंद पडेपर्यंत दादा पेटीपुढून हलत नसत.

"चला ना दादा, ऊन झालं."

"काहून घाई करून राहिला? तिला पहिला घास खाऊ दे, मग जाऊ."

निवृत्त झाल्यावरही ते स्कूटर काढून येत. पावसाळ्याच्या नोंदींवर त्यांचा फार जीव. एका जुलैत त्यांना ताप होता, म्हणून मी एकटाच गेलो. भरलेलं कार्ड काढलं, खिशात टाकलं, पेटीला कुलूप लावलं. संध्याकाळी शर्ट काढताना खिशात दोन कार्डं निघाली. रिकामं घालायचंच राहिलं होतं. तिलवारा काही लांब नाही. उद्या जाऊ म्हटलं, मग परवा, मग पाऊस लागला, आणि तो असा लागला की नदी घाटाच्या पायऱ्या गिळून वर आली. दादा अंथरुणातून फोन करायचे, "सुधीर, यंदाचा जुलै पाहण्यासारखा निघते बघ." मी हो म्हणायचो.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्या आधी पोचलो, पेटीत दुसरं कार्ड घातलं आणि महिनाभर माझ्याकडेच राहिलेलं ते कोरं कार्ड त्यांच्या हातात दिलं. "खराब निघालं दादा." त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "अच्छा… चलो." एवढंच.

कार्डं गोहलपूरच्या दुकानातून त्यांनीच आणली होती. सोमवारी विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "ढोकेजी, सस्ता कार्ड लगाओगे तो यही होगा." ज्या माणसाला आता पगारही नव्हता, तो मान खाली घालून "जी सर" म्हणाला. मी शेजारी उभा होतो. मी चहा ढवळत होतो.

पुढे किती रविवार आले. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून निघायचो. शेवटी दवाखान्यातही सांगायलाच गेलो होतो. त्यांनी विचारलं, "कार्ड बदललं का?" बदललं म्हटलं, आणि तसाच परत आलो.

गेल्या आठवड्यात मी सगळ्या जुन्या फायली उघडल्या. त्या जुलैसमोर 'कार्ड खराब' असा शेरा होता. तो खोडून लिहिलं, 'कार्ड घातलेच नव्हते', आणि खाली माझं नाव. विभागप्रमुखांनाही तसं पत्र दिलं. मग कधी न पाहिलेला एक रकाना दिसला. यंत्र पेटीच्या आतलं तापमानही लिहून ठेवतं. दार उघडलं की आतली धग निघून जाते, आकडा घसरतो. लावलं की पुन्हा चढतो. दर पहिल्या रविवारी असे एक-दोन आकडे घसरलेले आहेत. ते दादा आहेत. मी बोट ठेवून वर्षंच्या वर्षं खाली येत गेलो.

त्या ऑगस्टात मात्र दुसऱ्या रविवारीही आकडा घसरला आहे. बोलणी खाल्ल्यानंतरचा रविवार. पेटीची किल्ली आम्हा दोघांकडेच असायची. त्या दिवशी कार्ड बदलायचं नव्हतं, आणि त्यांनी मला बोलावलंही नव्हतं. लागोपाठ बारा नोंदी खाली आहेत. म्हणजे दोन तास दादा दार उघडं ठेवून तिथं एकटे उभे होते, कार्डावर नोंद पडते की नाही ते बघत.