हंबगची जन्मतारीख

डॉर्कस गिटिन्सने चौतीस वर्षं इंग्रजी शब्दकोशवाल्यांना चिठ्ठ्या पाठवल्या. तळहाताएवढी चिठ्ठी, डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, पुस्तक, पान, आणि मग ज्या वाक्यात तो शब्द आला ते वाक्य, स्वल्पविरामासकट जसंच्या तसं. अशा अकरा हजारांवर चिठ्ठ्या तिने लडलो गावच्या टपालपेटीत टाकल्या. मोबदला म्हणाल तर दर नाताळात एक छापील आभारपत्र. गावातल्या बायका म्हणायच्या, मूलबाळ नाही, बिचारीला करमणार कसं, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. बोलणाऱ्यांचं काय जातं! डॉर्कसला मात्र करमण्या-न करमण्याचा प्रश्न कधी पडलाच नाही.

तिचा हात बसला होता तो फसवणुकीच्या शब्दांवर. बाप चॅपेलमध्ये प्रवचनं देणारा, घरात थापेला थारा नाही, म्हणूनच की काय कोण जाणे, पण लबाडीच्या शब्दांचा माग काढण्यात तिला विलक्षण गोडी वाटे. 'कनिंग' म्हणजे एके काळी नुसता जाणकार माणूस. 'क्राफ्टी' म्हणजे हातात ताकद आणि कसब असलेला. आणि 'चीट' तर सरकारी कचेरीतून आलेला. बेवारस मेलेल्याची जमीन राजाच्या नावे करून घेणारे अंमलदार असत. त्यांनी लोकांना इतकं नागवलं की त्यांच्या हुद्द्याचंच नाव लुबाडण्याला पडलं. उलटंही घडे. 'श्रूड' म्हणजे पूर्वी दुष्ट, आता त्याच शब्दाने आपण पोराची हुशारी वाखाणतो. शब्दाला कूळ विचारू नये, असं ती म्हणायची, सगळ्यांच्याच घराण्यात काहीतरी निघतं.

पुस्तकं आणून द्यायचा तिचा नवरा. लायनेल गिटिन्सचं कॉर्व्ह रस्त्यावर जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची, चामड्यात बांधलेली पुस्तकं घ्यायला लांबलांबून माणसं येत. लायनेल वास घेऊन कातड्याचं वय सांगायचा, शिवणीचा दोरा बघून छापखान्याचं गाव सांगायचा. वाचायचा मात्र नाही. हलवाई कुठे मिठाई खातो, असं म्हणून हसायचा. सात वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्याचा उजवा हात आणि पाय गेला, दुकान बंद झालं, उरलेली पुस्तकं घरातल्या पुढच्या खोलीत आली आणि त्याची खुर्चीही तिथेच आली. दर गुरुवारी दुपारी जुनी गिऱ्हाइकं चहाला येत. कॅनन व्हिटलॉक हे निवृत्त धर्मगुरू तर एकही गुरुवार चुकवत नसत. "गिटिन्सची प्रत म्हणजे डोळे मिटून घ्यावी," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. ते ऐकलं की लायनेलच्या तोंडाची चांगली बाजू उजळायची. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस तो त्या एका वाक्यावर काढत होता.

नऊ वर्षांपूर्वी डॉर्कसच्या वाढदिवसाला लायनेलने तिला एक लहानसं पुस्तक दिलं होतं. लंडनच्या खानावळींतल्या ठकांचे किस्से, सोळाशे अठ्ठ्याण्णव साली छापलेले, पहिली आवृत्ती. त्यात एकशेबाराव्या पानावर तिला 'हंबग' सापडला. हा शब्द अठराव्या शतकाच्या मध्याआधी कुणालाच कुठे दिसला नव्हता. शब्दकोशवाले 'याहून जुना पुरावा हवा' अशा शब्दांची यादी वाचकांना पाठवत, त्या यादीत हंबग वर्षानुवर्षं होता. आधी त्याचा अर्थ नुसती चेष्टेतली फसवणूक, पुढे तो ढोंगाला आणि ढोंग्यालाही लागला. आणि इथे तो पन्नास वर्षं आधीच जन्मून बसलेला! डॉर्कसने ते वाक्य चार वेळा ताडून पाहिलं आणि चिठ्ठी पाठवली. संपादक फेनविकसाहेबांनी त्या वेळी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, 'बाई, तुम्ही आमचा एक दरवाजा उघडलात.' ते पत्र तिने बायबलात ठेवलं.

यंदा मार्च महिन्यात फेनविकचं दुसरं पत्र आलं. हंबग ज्या अक्षरात येतो त्या अक्षराचा खंड छापायला निघाला होता. शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक वाक्य मूळ पुस्तकाशी ताडून बघायला माणसं बसली होती. लंडनच्या ग्रंथालयात सोळाशे अठ्ठ्याण्णवच्या दोन प्रती निघाल्या, दोन्हींत हे वाक्य नाही. ते आहे सतराशे एकसष्टच्या तिसऱ्या आवृत्तीत, लेखक मेल्यावर दुसऱ्या कुणीतरी भर घालून काढलेल्या. फेनविक भला माणूस, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने शेवटी लिहिलं होतं की बाईंच्या सचोटीविषयी शंका नाही, तरी त्यांच्याकडची प्रत आठवडाभर पाहायला मिळाली तर बरं होईल.

डॉर्कसने पुस्तक काढून खिडकीशी नेलं. नऊ वर्षांत तिने ते दहादा उघडलं असेल, पण वाक्यांसाठी. कागदाकडे तिने कधी पाहिलं नव्हतं. कसरीने तिसऱ्या पानापासून शेवटापर्यंत आरपार भोक पाडलं होतं, टाचणीच्या डोक्याएवढं. नावाच्या पानावर, जिथे साल छापलं होतं, तिथे भोक नव्हतं. कडेला बोट फिरवल्यावर खळीने चिकटवलेली पट्टी लागली. हातच्या कांकणाला आरसा कशाला! ती तशीच पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत गेली.

"लायनेल, हे पान कुठलं?"

"कुठलं म्हणजे? पुस्तकाचं."

"कसर तिसऱ्या पानापासून आत शिरलीय. हे पान तेवढं धड आहे. तिने काय उडी मारली?"

लायनेलने नजर बाहेरच्या रस्त्याकडे वळवली. मग त्याच्या संथ, एका बाजूने येणाऱ्या बोलण्यात त्याने सांगून टाकलं. पहिल्या आवृत्तीची एक प्रत होती, उंदरांनी खाल्लेली, नावाचं पान तेवढं शाबूत. तिसरीची एक होती, धडधाकट, पण पहिलं पान फाटलेलं. दोन अर्धमेल्यांतून त्याने एक जिवंत केलं होतं. "धंद्यात सगळेच करतात. आम्ही त्याला सोफिस्टिकेटेड प्रत म्हणतो."

तो शब्द डॉर्कसला पाठ होता. भेसळ केलेल्या दारूला, औषधाला एके काळी तोच लावत. आता तो बाहेर रेशमी कपडे घालून हिंडतो, आणि जुना अर्थ उरलाय तो जुन्या पुस्तकवाल्यांत. त्याच्या सात चिठ्ठ्या तिने स्वतः पाठवल्या होत्या. आपल्या घरात तो कुठल्या अर्थाने नांदतोय, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं.

"आतला मजकूर तर तोच आहे ना, अगं?" लायनेल म्हणाला.

"तोच नाही. तिसऱ्या आवृत्तीत कुणीतरी पानं वाढवलीत. हंबग त्या वाढीव पानांत आहे."

लायनेल खरोखर चकित झाला. चाळीस वर्षं पुस्तकं विकली, पण छापून झालेल्या पुस्तकात मागाहून कुणी काही घालत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या लेखी पुस्तक म्हणजे कातडं, दोरा आणि साल.

"अशा किती केल्यास?"

"मोजल्या नाहीत."

"मला आणून दिलेल्या?"

"पहिली आवृत्ती म्हटलं की तुझा चेहरा कसा व्हायचा, डॉर्कस! तो बघायला करायचो. तुला फसवायला नाही."

"मग याला काय म्हणायचं? सांग एखादा शब्द. माझ्याकडे दोनशे आहेत, त्यातला एकही बसत नाही."

लायनेलचा डावा हात मांडीवरच्या शालीची दशी ओढत राहिला. डॉर्कसला त्याचा संताप आला, आणि संतापापेक्षाही जास्त कीव आली, आणि कीव आल्याचाच पुन्हा संताप आला.

दुसरे दिवशी गुरुवार होता. कॅनन व्हिटलॉक आले ते काखेत एक जाडजूड प्रवचनांचा ग्रंथ घेऊन. लायनेलकडूनच घेतलेला, सोळाशे चाळीसचा. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं आणि आपली सगळी पुस्तकं कॅथीड्रलच्या ग्रंथालयाला द्यायची ठरवली होती. "निम्म्याहून जास्त तुझ्याकडची आहेत, गिटिन्स. तिथे फळीवर तुझं नाव लावा असं मी लिहून ठेवलंय." म्हातारा लायनेलच्या निकामी हातावर थोपटत होता. लायनेलने एकदाच डॉर्कसकडे पाहिलं आणि नजर कपात घातली. डॉर्कसने दोघांना आणखी चहा ओतला, कॅननांना शहाजिऱ्याच्या केकचा दुसरा तुकडा दिला, आणि त्या ग्रंथाचं नावाचं पान मुद्दाम पाहिलं नाही.

कॅनन गेल्यावर ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. तिच्यापुढे तीन पत्रं होती, एकही अजून लिहिलेलं नव्हतं. 'नकलताना चूक झाली' असं लिहावं, तर फेनविक म्हणणार, हरकत नाही, प्रत तेवढी पाठवा, आणि प्रत पाहिली की कसरीचं भोक त्याला तिच्याआधी दिसणार. खरं लिहावं, तर जुन्या पुस्तकांवरच्या चारेक हजार चिठ्ठ्या बाद होतील, वर्तमानपत्रं आणि नव्या पुस्तकांवरच्या बाकीच्या वाचतील. तिचं नाव स्वच्छ राहील. पण पुस्तकांच्या जगात असली बातमी लपून राहत नाही. कॅननांपर्यंत पोचायला महिनाही लागणार नाही, आणि मग गुरुवारी त्या खुर्चीसमोर कुणी येऊन बसणार नाही. लायनेलला डॉक्टरांनी दोन हिवाळे दिले होते, जास्तीत जास्त.

तिने तिसरं पत्र लिहिलं, सगळा दोष स्वतःवर घेणारं. पहिल्या आवृत्तीची प्रत तिच्याकडे कधीच नव्हती. वाक्य तिसऱ्या आवृत्तीतून घेतलं आणि जुनं साल तिनेच मनाने घातलं. शब्द सर्वांत आधी आपल्याला सापडावा, हा मोह पडला. क्षमा मागण्याचा अधिकार नाही.

सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने लिहिलेलं हे पहिलं खोटं. ते लिहितानाही तिने सवयीने स्वल्पविराम तपासले. लायनेलला पत्र वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "फेनविक काय दूधखुळा आहे? चौतीस वर्षं ओळखतो तो तुला. त्याला हे पटायचं नाही."

डॉर्कसलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर त्याच भरवशावर तिने पाकिटाला तिकीट लावलं. फेनविक वाचेल, चष्मा काढेल, आणि ही बाई कुणाला तरी पाठीशी घालतेय हे ओळखेल. मग तो पुस्तक मागणार नाही, हंबगची चिठ्ठी निमूटपणे काढून टाकेल, आणि तिला लिहील की माझा तुमच्या या पत्रावर विश्वास नाही. एवढं एकच वाक्य तिला हवं होतं. पुढचे चार दिवस ती टपालवाल्याच्या वेळेला दारामागे उभी राहिली, आणि या वयात हे शोभत नाही असं स्वतःला सांगत राहिली.

पाचव्या दिवशी उत्तर आलं, टंकलिखित, अर्ध्या पानाचं. श्रीमती गिटिन्स यांनी स्पष्टपणे कळवल्याबद्दल संपादक आभारी आहेत. त्यांच्या नावच्या सर्व म्हणजे अकरा हजार दोनशे सहा चिठ्ठ्या पेट्यांतून काढण्यात आल्या आहेत. यापुढे त्यांनी तसदी घेऊ नये. खाली फेनविकची सही होती.

"काय म्हणतोय?" आतून लायनेलने विचारलं.

"पटलं त्याला," डॉर्कस म्हणाली.

चौतीस वर्षं तिचं एकेक खरं वाक्य छापण्याआधी त्या लोकांनी माणसं बसवून मूळ पुस्तकाशी ताडून घेतलं होतं. हे एक खोटं तेवढं कुणीच ताडून पाहिलं नाही.