अकरा वेढे आणि एक 'नको'

खरं म्हणजे हे मी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं आहे. आईने मला देवासमोर उभं करून कबूल करून घेतलंय, "बाबांच्या कानावर जाता कामा नये." पण तुम्ही काही बाबा नाही. आणि स्वतःच्या हाताने केलेली फजिती पोटात ठेवली की आत उड्या मारत बसते. म्हणून सांगते. तुमच्यातच ठेवा हं!

आमच्या इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या शाळेत पंधराव्या वर्षी सगळ्यांना एक आठवडा कुठेतरी कामाला पाठवतात. त्याला वर्क एक्स्पिरियन्स म्हणतात. बाबा डॉक्टर, त्यामुळे त्यांनी माझी जागा परस्पर ठरवून टाकली होती: हॉस्पिटलच्या तळघरातली रेकॉर्ड रूम. पाच दिवस फायली लावायच्या.

मी मात्र शाळेच्या यादीत एक ओळ वाचली आणि तिथेच थांबले. 'जंगलात हरणांची मोजणी. काम करताना बोलण्यास मनाई.'

मनाई! अहो, हजेरीला 'येस मिस' म्हणताना मला घाम फुटतो. न बोलण्याचंही काम असतं, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

दोन दिवस मी जेवले नाही तेव्हा बाबा म्हणाले, "ठीक आहे. पण तिकडून एक फोन आला किंवा एवढंसं खरचटलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रेकॉर्ड रूम. काय?"

"हो बाबा."

बाबा बोलतात तसं करतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ त्यामुळेच झाला.

त्या जंगलाची देखभाल मिसेस थॉर्न नावाच्या एक बाई करायच्या. साठीच्या, माझ्याहून बुटक्या, हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. हरणं वाढली की कोवळी रोपं खाऊन जंगल संपवतात, म्हणून दरवर्षी थोडी हरणं मारावीच लागतात. ते काम त्या करायच्या, झाडावर बसून. मचाण वगैरे काही नाही! कमरेखाली एक रुंद पट्टा बांधायचा, त्याला त्या 'सॅडल' म्हणत. तो दोराने झाडाला अडकवायचा, पाय खोडाला टेकवायचे आणि झोपाळ्यात बसल्यासारखं अधांतरी बसायचं. तासन् तास. त्या आठवड्यात बंदूक नव्हती, फक्त मोजणी.

पहिल्याच सकाळी गवतावर दोर पसरून त्या म्हणाल्या, "नियम एक. दोरावर पाय द्यायचा नाही."

तेवढ्यात माझा बूट लागलाच! मी चटकन वाकून दोराला हात लावला आणि तो कपाळाला लावला. सवय, दुसरं काय?

"हे काय केलंस?"

"सॉरी म्हटलं."

"दोराला?"

"...हो."

"वीस वर्षं मी मोठमोठ्या बाप्यांना हे शिकवतेय," त्या म्हणाल्या. "दोराची माफी मागणारी तू पहिलीच." आणि त्या क्षणापासून त्यांचा असा समज झाला की ही मुलगी काही साधीसुधी नाही. आता सांगा, यात माझी काय चूक?

मग त्यांनी मला ती गाठ दाखवली. ती गाठ मी जन्मात विसरणार नाही. जाड दोराला पट्ट्याच्या बारीक दोरीचे तीन वेढे घालायचे, बस. अंग टाकलं की ती दोराला चावून बसते. वरून मुठीने दाबलं की हळूहळू खाली सरकते. मूठ काढली की पुन्हा चावते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे कळणारी गाठ! आमच्या घरात माणसांनासुद्धा ते कळत नाही.

"तीन वेढे," मिसेस थॉर्न म्हणाल्या. "दोन नाही, चार नाही."

शिडीने आम्ही मला नेमून दिलेल्या ओकच्या झाडावर चढलो. वीस फुटांवरच्या बेचक्याशी त्यांनी मला आखूड दोराने खोडाला अडकवलं. उतरायचा लांब दोर वेगळा. त्याच्यावर गाठ मी मारली, त्यांनी तपासली, "सुरेख" म्हणाल्या, आणि शिडी घेऊन तीस पावलांवरच्या आपल्या झाडाकडे गेल्या.

मी एकटी राहिले. मी आणि ते तीन वेढे.

तीन? फक्त तीन? तुम्ही आम्हाला भारतात जायच्या आदल्या दिवशी बघितलंय का? बाबा सुटकेसवर गुडघा रोवून बसतात, आई नायलॉनची दोरी आवळते, आणि आजूबाजूचे सगळे ओरडतात, "आणखी एक मार! विमानतळावर आपटतात!" मुंबईला पोचल्यावर ती सुटकेस विळीने कापून काढावी लागते. ज्या घरात साड्या आणि चॉकलेटं इतकी आवळून नेतात, त्या घरातली मुलगी तीन वेढ्यांवर जीव टांगेल होय?

मी एक वेढा वाढवला. मग आईच्या नावाने एक. मग आईला बरं वाटावं म्हणून आणखी एक. थांबले तेव्हा अकरा झाले होते.

आणि मग मी गाठ, दोर, बाबा, सगळं विसरले. कारण हरणं आली.

आवाज नाही हो, काहीच नाही. नेच्याच्या झुडपात आधी एक कान हलला. मग समोरच्या पाचोळ्यालाच पाय फुटले आणि त्याच्या सात हरिणी झाल्या. मी वहीत सात लिहिलं, आणि पेन्सिलीचा आवाज केवढा मोठा झाला म्हणून मलाच लाज वाटली.

तासाभराने मिसेस थॉर्न शिडीने उतरल्या, माझ्या झाडाखाली आल्या आणि त्यांनी खूण केली. मी आखूड दोर सोडला, लांब दोरावर बसले, गाठ मुठीने दाबली.

ढिम्म.

दोन्ही हातांनी दाबली. नखं रोवली. अकरा वेढ्यांनी दोराला अशी मिठी मारली होती की काही विचारू नका! मी बेचक्याच्या हातभर खाली लोंबत होते. वर हात पोचेना आणि खाली जाता येईना.

खालून हाक आली. "ठीक आहे ना वर? मदत हवी का?"

आणि मी म्हटलं, "नको, थँक यू!"

हसू नका! तुम्हीसुद्धा हेच म्हणाला असता. आपल्यात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदा 'छे छे, खरंच नको.' तिसऱ्यांदा 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर.' लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या काकूंकडे आम्ही दर महिन्याला जातो. दर महिन्याला दोनदा चहा नाकारतो, आणि दोन-दोन कप पिऊन येतो. मी आपली दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिले.

तो आलाच नाही! इंग्रज माणूस एकदाच विचारतो. नको म्हटलं की त्याला वाटतं, नको.

"बसायचंय आणखी? शाब्बास!" म्हणून मिसेस थॉर्न चक्क निघून गेल्या. ओरडावं, तर खाली धावपळ होईल, घरी फोन जाईल, आणि उद्या रेकॉर्ड रूम.

अर्ध्या तासाने त्या कुंपण दुरुस्त करणाऱ्या आर्थरला घेऊन परत आल्या.

"बघ," त्या कुजबुजल्या, पण मला ऐकू येत होतं. "पहिलाच दिवस तिचा. खाली यायला तयार नाही."

आर्थरने टोपी काढली. माझ्यासाठी! मग फ्लास्क वर धरला. "चहा देऊ का पोरी? दोराने वर पाठवतो."

"नको, थँक यू."

"फ्रूटकेक?"

"नको, नको!"

दोनदा म्हणून बघितलं, की तिसऱ्यांदा तरी विचारतील. आर्थरने माझा केक माझ्या डोळ्यांदेखत खाल्ला.

"हिला भूकही लागत नाही," तो भारावून म्हणाला.

माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, पोट ओरडत होतं, डोळे भरून आले होते. आणि तेवढ्यात खालची दोघं एकदम गोठली.

झाडीतून घोरल्यासारखा आवाज आला आणि नर बाहेर आला. हाताचे पंजे पसरावेत तशी त्याची रुंद शिंगं. तो सरळ चालत आला आणि माझ्या बुटांच्या खाली उभा राहिला. वरून मला त्याची अख्खी पाठ दिसत होती. ठिपके, मानेवरच्या शिरा, श्वासाची वाफ. त्याला घाई नव्हती. त्याने मान वर केली आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणी काहीच विचारलं नाही, म्हणून मला काहीच नाकारावं लागलं नाही. मला वाटलं, आयुष्यभर इथेच लोंबत राहिले तरी चालेल. कायमचं बघायला मिळावं, एवढंच.

तो गेला. मग मिसेस थॉर्ननी वर निरखून पाहिलं.

"वृंदा, तू अडकली आहेस का?"

आता ही काही देऊ केलेली मदत नव्हती. ही साधी चौकशी होती, आणि चौकशीला खोटं बोलायचं नसतं.

"हो," मी म्हटलं. "तास होऊन गेला."

शिडी लावून त्या वर आल्या, मला स्वतःच्या पट्ट्याला अडकवलं आणि वेढे मोजू लागल्या. सातानंतर त्यांचे ओठ थरथरायला लागले. अकराला त्यांनी शिडीवर डोकं टेकलं. "हे कुणी शिकवलं?"

"घरी. सुटकेससाठी."

गाठ शेवटी कापावी लागली.

खाली आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाठ भयंकर, पण बसणं अप्रतिम. आठवडा संपला की दर शनिवारी येशील का?"

जगात मला तेवढंच हवं होतं. आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं?

"नको, थँक यू."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि व्हॅनकडे चालू लागल्या!

घरी येऊन मी आईपाशी रडरड रडले. आई भडकली. माझ्यावर नाही, त्यांच्यावर. "एकदा विचारून सोडून दिलं? अशी कशी बाई?" बाबांची अट तिकडून फोन न येण्याची होती. इकडून करायला बंदी नव्हती. आईने पदर खोचून नंबर फिरवला. "हॅलो, मी वृंदाची आई. ती नको म्हणाली ना? मला माहीत आहे. म्हणून तर फोन केला. परत विचारा. आणि यापुढे प्रत्येक गोष्ट तीनदा विचारत जा. तिसरं उत्तर खरं असतं... नाही, तेही नको असलं तरी हो समजा. ती लाजते."

मिसेस थॉर्न शिस्तीच्या बाई. त्यांनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून मला दर शनिवारी जंगल मिळतं, चहा मिळतो, केक मिळतो, सगळं मिळतं. पण गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी हरणाची कातडी सोलायला येतेस?" मी म्हटलं, नको. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नको! तिसऱ्यांदा मी हात जोडून, जीव तोडून नको म्हटलं. त्या समाधानाने हसल्या. "छान! मग नऊला घ्यायला येते."

आज शनिवार. नऊला पाच कमी आहेत आणि मी बाथरूमला कडी लावून हे लिहिते आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात शिजतं हो! पण आज मी घाबरणार नाही. आज मी त्यांच्या डोळ्यांत बघून, मोठ्या आवाजात, एकदाच सांगणार आहे, की मिसेस थॉर्न, माझं नको म्हणजे

"वृंदेऽ! खाली ये गं, व्हॅन आली! तुझ्या मापाचा रबरी एप्रन आणलाय त्यांनी!"