नरम केलेलं सस्पेन्शन

२०१७ साली मी तलासरीत शिक्षक होतो आणि रविवारी डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवायचो. एका रविवारी हातांना दणके बसू नयेत म्हणून मी पुढच्या सस्पेन्शनमधली, म्हणजे चाकाचे दणके झेलणाऱ्या नळ्यांमधली, हवा कमी केली होती. सपाटीवर सायकल गादीसारखी वाटली.

उतारावरच्या वळणाशी समोरून एक वयस्कर बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढत होती. मी पुढचा ब्रेक दाबला. सस्पेन्शन तळापर्यंत दबलं, सगळा भार पुढे आला आणि मागचं चाक उचललं गेलं. हँडल वळेना. मी थेट तिच्या अंगावर जाणार होतो. काय सुचलं कुणास ठाऊक, मी ब्रेक सोडला. सायकल पुढून वर आली, हँडल वळलं आणि मी तिच्या शेजारून करवंदीच्या जाळीत घुसलो.

मोळी खाली ठेवून ती माझ्या दंडातले काटे काढू लागली.

"ब्रेक नाही का सायकलला?"

"आहे मावशी. पण दाबला की ती पुढून खाली बसते."

"मग उतारावर चालत यायचं ना."

घरी येऊन मी हवा भरली. दणके पुन्हा बसू लागले, पण ब्रेक लावल्यावर सायकल ताठ राहायची. तरीही कितीतरी दिवस मी पुढचं दिसत नाही अशा वळणावर उतरून चालायचो.