भिंतीवरच्या काळ्या-लाल रेघा

देवाच्या कृपेबद्दल लिहायचं तर आधी माझ्या मनातलं पाप लिहायला हवं. त्या वर्षी महाशिवरात्रीला मी आमच्याकडच्या प्रतापगडावरच्या महादेवाच्या जत्रेला निघाले, त्यात भक्ती नावालाही नव्हती. मला माझ्या थोरल्या जावेला चारचौघांत उघडं पाडायचं होतं.

आमचं गाव नवेगाव बांधाजवळचं, घरची धानाची शेती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दर महिन्याला पोटात असं दुखायचं की दाताखाली पदर धरून पडून राहावं लागे. रोवणीच्या चिखलात तर दोनदा बसकण मारली. सासूबाई बांधावरून ओरडल्या, "काम दिसलं का हिचं पोट दुखते! आमाले का पोट नव्हतं?" वैद्याच्या काढ्यांनी तोंड कडू झालं, बाकी काही नाही. आमचे हे भले, पण तेही एकदा म्हणाले, "खरंच एवढं दुखते का?" तो प्रश्न मला दुखण्यापेक्षा जास्त लागला. माझ्यावर कोणाचा विश्वास नाही ना, मग मीही कोणावर ठेवायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्या काळी आमच्याकडे बाईनं महिन्याचे ते दिवस परसातल्या खोपटात दूर बसायचं. मला भाताची थाळी जाऊबाई आणायच्या आणि उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. एकदा खोपटाच्या आत, दाराआडच्या भिंतीवर मला रेघा दिसल्या, काही कोळशाच्या, काही गेरूच्या. पुढच्या महिन्यात त्या वाढल्या होत्या. मग एक दिवस, मी दूर बसलेली नसताना, रिकाम्या खोपटात शिरून रेघ मारताना जाऊबाईच दिसल्या. मला पाहून त्यांनी हात पदराआड घेतला. झालं! काळं आणि लाल, आणि तेही चोरून. तिला तीन लेकरं, मला एकही नाही. करणी कोणाची हे सांगायला आणखी काय पाहिजे होतं?

शेजारणीनं कानात सांगितलं की जत्रेत गडाच्या पायथ्याशी एक बुवा बसतो. करणीच्या जागची माती दाखवली की तो सगळ्यांसमोर नाव सांगतो. असं नाव निघालेल्या बाईचं काय होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जवळच्याच गावात एका विधवेचे केस कापून तिला शिवेबाहेर हाकललं होतं. ते माहीत असून मी त्या रेघांवरची माती खरडली आणि पदराला गाठ मारली. महादेवाला म्हटलं, ज्या हातानं माझं वाटोळं केलं तो हात मला दाखव.

जत्रेला जाऊबाईंनाही बरोबर घेतलं होतं. बैलबंडीतून उतरले तेव्हाच पोटात कळ उठली होती. बुवाचं डफडं ऐकू येत होतं, पन्नास पावलं चालले असते तर पोचले असते. तिथंच डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्ध आली तेव्हा मी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचायच्या सरकारी तंबूत सतरंजीवर होते, डोकं जाऊबाईंच्या मांडीवर. समोर एक डॉक्टरीणबाई, साधं पांढरं लुगडं, बोलणं हिंदीमिश्रित.

"दर्द कब से है, बाई? महिना यायच्या आधी, की नंतर?"

"नेहमीच," मी म्हटलं. किती दिवस, कधीपासून, मला काही सांगता येईना.

"मले ठाऊक हाय," जाऊबाई बोलल्या. "पयले दोन दिस दुखते, मंग विटाळाचे चार दिस, मंग आनखी एक दिस. दिवाळीपासून पयले दोनाचे तीन झाले. परसाकडं बसली तरी कण्हते."

डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "तुम्हाला इतकं कसं माहीत?"

"लिवता येत नाही मले. भितीवर रेघा मारल्या. काळी दुखण्याची, लाल विटाळाची. सासूबाईले आवडत नाही, म्हनून लपून. कोनी विचारलं तं सांगता यावं. कोनी विचारलंच नाही."

धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं झालं. पोट तपासताना पदर सरकला आणि ती गाठ जाऊबाईंच्या हाताला लागली. "हे काय बांधलंस वो?" मी खोटं बोलू शकले नाही. म्हटलं, "त्या भितीची माती. बुवाले दाखवाले आनली. तुमचं नाव निघावं म्हनून." त्यांचा हात माझ्या कपाळावर होता, तो तसाच थांबला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही नाटक करत नाही." सहा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि ढसाढसा रडले. त्यांनी समजावलं की गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं काही पिशवीबाहेर रुजतं, दर महिन्याला तेही रक्त टाकतं आणि त्या रक्ताला वाट मिळत नाही. पोट उघडल्याशिवाय नक्की सांगता यायचं नाही, म्हणून नागपूरला दाखवायची चिठ्ठी दिली. एन्डोमेट्रिओसिस असलं लांबलचक नाव माझ्या जिभेवर आजही धड बसत नाही.

तेवढ्यात विटाळ सुरू झाला. देवळात जायचा प्रश्नच मिटला. मी म्हटलं, "तुमी तरी जा वर, बाई." त्या म्हणाल्या, "तुले शिवलेली मी. आता कायचं दर्शन?" आणि मान फिरवून तंबूतच बसल्या.

नागपूरला पोट उघडलं तेव्हा काळसर रक्ताच्या गाठी निघाल्या. दुखणं निम्म्यावर आलं, पुन्हा थोडं वाढलं. मूल झालं नाही, आणि त्याचं दुःख सरलं असं मी म्हणणार नाही. तापवलेली वीट कापडात गुंडाळून पोटाशी धरायची, त्या दिवसांत ओझं उचलायचं नाही, हे शिकले. सासूबाईंनी सगळं ऐकून नुसतं "हूं" केलं. पुढच्या वर्षी तंबूत गेले तर सुई टोचणारे म्हातारे गृहस्थ होते. डॉक्टरीणबाईंचं विचारलं तर म्हणाले, "गेल्या खेपेला मी तापानं पडलो होतो, माझ्या जागी कोण आलं ठाऊक नाही." माझा स्वभाव संशयी, मी याला चमत्कार म्हणत नाही. पण मी हात दाखव म्हटलं होतं, आणि महादेवानं तो माझ्या कपाळावर ठेवूनच दाखवला.

जाऊबाई तीन महिने थाळी ठेवत राहिल्या, बोलल्या नाहीत. चौथ्या महिन्यात थाळीशेजारी कोळसा ठेवला. "आता तूच मार रेघ. माह्यावर भरोसा नाही तुहा."

मी कोळसा उचलला आणि उंबऱ्याबाहेर त्यांच्या पायाशी ठेवला. "तुमीच मारा, बाई. मले माहं दुखनं मोजता येत नाही."

विटाळातल्या माझ्या हातचा तो कोळसा. जाऊबाई वाकल्या, तो उचलला, उंबरा ओलांडून आत आल्या आणि मी खरडलेल्या खळग्याच्या बाजूला एक रेघ ओढली. त्या दिवसापासून मी महादेवाकडे काही दाखव म्हणून मागत नाही. जे येईल ते त्याच्या पायाशी ठेवते आणि हात जोडते.